खटखट नेमकी कुणाची?

ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणाऱ्या मारुती जिप्सीचं चाक सेकंदाला जवळपास ८ फेरे घेतं. त्याच वेळी गाडीच्या पोटाखालून पुढच्या एक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, तो फिरत असेल तर, सेकंदाला तीसेक फेरे घेत असतो. त्या शाफ्टच्या टोकाला बसवलेला क्रॉस नावाचा सांधा कोनात असला की एका फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो, म्हणजे सेकंदाला साठेक वेळा. चाकाच्या बेरिंगमध्ये १२ गोळ्या असतील आणि बाहेरच्या कडीला एक टवका गेला असेल, तर तिथला ठोका सेकंदाला ३८ वेळा पडतो. ‘समोरून आवाज येतोय’ असं आपण एका दमात म्हणून मोकळे होतो, पण त्या एका आवाजात एवढे ठेके मिसळलेले असतात. त्यातला प्रत्येक ठेका आपल्या भागाच्या मापानं बांधलेला असतो. वेग तोच असेल, तर चाकाचा परीघ, दातऱ्यांचं प्रमाण, गोळ्यांची संख्या यांतलं काही बदललं तरच ठेका बदलतो. गाडी किती जुनी आहे, कुणी किती हाणली आहे, याचा त्याच्याशी संबंध नसतो. मला या विषयातली सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. आवाज कसा आहे यावर वाद होऊ शकतो, पण तो किती वेळा येतो यावर होत नाही.

नागपूर हे असल्या आवाजांचं माहेर म्हणावं असं शहर आहे. पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, ताडोबा ही सगळी जंगलं इथून दोन-तीन तासांच्या आत. त्यामुळे इथल्या सेकंडहँड बाजारात फोर बाय फोर गाड्या फार वेगवेगळी आयुष्यं काढून येतात. एखादी एमएच-३४ पाटीची जिप्सी सफारीत मुरमाच्या रस्त्यावर पर्यटक वाहून आलेली असते. एखादी लष्करानं लिलावात काढलेली असते. एखादी महिंद्रा जीप काटोलकडच्या संत्र्याच्या बागेतून आलेली असते. आणि एखादी थार शहरातल्या हौशी माणसानं दर रविवारी धुऊन पुसून ठेवलेली असते, जिची चारही चाकं एकत्र कधी जोडलीच गेलेली नसतात. या शेवटच्या गाडीकडे मी पुढे परत येणार आहे, कारण ती दिसते तितकी निरोगी नसते.

इथल्या जाणत्या मिस्त्रीकडे गाडी नेली तर तो लगेच पाना हातात घेत नाही. तो विचारतो, “कधी येऊन राहिला आवाज, भाऊ? सरळ जाताना का वळवल्यावर? हब लावून पाह्यलं का?” या तीन प्रश्नांत निदानाचं अर्धं काम होतं, आणि तिसरा प्रश्न तर फक्त फोर बाय फोर गाडीलाच विचारता येतो.

साध्या गाडीत पुढचं काय फिरेल आणि काय थांबेल हे आपल्या हातात नसतं. फोर बाय फोरमध्ये असतं. ज्या जिप्सींच्या पुढच्या चाकांना फ्री-व्हीलिंग हब आहेत, त्यांच्या हबवरचा खटका ‘फ्री’वर ठेवला आणि आतला लिव्हर टू-व्हीलवर ठेवला, की पुढची चाकं नुसती गडगडतात. एक्सलच्या आतल्या दांड्या, डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्ट सगळं उभं राहतं. या अवस्थेत आवाज येत असेल तर संशयित मोजकेच उरतात: टायर, चाकाचं बेरिंग, ब्रेक, कमानपाटे, स्टेअरिंगचे सांधे. मग खाली उतरून हब ‘लॉक’ करायचे, लिव्हर तसाच ठेवायचा. आता चाकं आतल्या सगळ्या साखळीला फिरवतात, पण तिच्यावर इंजिनाचा भार नसतो. नवा आवाज आला तर तो या साखळीतला. तिसऱ्या वेळी कच्च्या रस्त्यावर फोर-व्हील लावायचं. आता तीच साखळी भाराखाली फिरते. भार आल्यावरच जो ओरडतो तो सीव्ही जॉइंट, क्रॉस किंवा डिफरन्शियलचा दातरा. कुठलाही नट न उघडता, एकच गाडी तीन वेगवेगळ्या यंत्रांसारखी चालवून पाहता येते. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ एकेक घटक वेगळा काढून बघतात. इथे तशी सोय गाडीच्या रचनेतच आहे, आणि बहुतेक मालकांना ती माहीतही नसते.

‘वळवल्यावर’ येणारी कटकट घ्या. पुढचं चाक ओढायचंही असतं आणि वळायचंही असतं, हा अभियांत्रिकीतला जुना पेच आहे. साधा क्रॉस लावला तर तो कोनात फिरताना एकसारखा वेग देत नाही. ३० अंशांच्या कोनात एका बाजूचा वेग कायम ठेवला, तर दुसऱ्या बाजूचा वेग एका फेऱ्यात दोनदा १५ टक्क्यांनी वाढतो आणि दोनदा १३ टक्क्यांनी कमी होतो. वळताना चाकाला असे हिसके बसले तर स्टेअरिंग हातात राहणार नाही. हा पेच सोडवणारी एक सुरेख युक्ती आल्फ्रेड झेपा या फोर्डमधल्या अभियंत्यानं १९२०च्या दशकात काढली. एक वाटी, तिच्यात एक गोल गाभा, दोन्हींत वक्र खाचा आणि त्या खाचांत अडकलेल्या सहा पोलादी गोळ्या. दोन दांड्यांमधला कोन बदलला तरी सहाही गोळ्या त्या कोनाच्या बरोबर मधल्या प्रतलात उभ्या राहतात, आणि म्हणून दोन्हीकडचा वेग क्षणाक्षणाला सारखा राहतो. सीव्ही जॉइंट, म्हणजे सम-वेगी सांधा, तो हाच. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये जे तीन-चार प्रकारचे सांधे वापरले गेले त्यात हा होता. महिंद्रांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जुळवायला घेतल्या त्या याच कुळातल्या. जिप्सीच्या पुढच्या एक्सलमध्येही, गोल हाउसिंगच्या आत, ग्रीसमध्ये बुडालेला हाच सांधा असतो.

गाडी सरळ जाते तेव्हा या गोळ्या खाचेच्या मध्यावर जवळपास स्थिर असतात. वळताना मात्र प्रत्येक गोळी एका फेऱ्यात खाचेत पुढे-मागे सरकते. वर्षानुवर्षं सरळ धावून खाचेच्या मध्यावर बारीक खड्डा पडला असेल, तर वळणावर प्रत्येक गोळी त्या खड्ड्यात पडते आणि बाहेर निघते. म्हणून तो आवाज फक्त वळणावर येतो. चालण्यापेक्षा थोड्या जास्त वेगात, ताशी ८ किलोमीटरला, चाक सेकंदाला एकच फेरा घेतं. तेव्हा कटकट मोजता येते, आणि ती एका फेऱ्यात अनेकदा आली तर बोट थेट सीव्ही जॉइंटकडे जातं.

पण ही परीक्षा डांबरी रस्त्यावर घेऊ नये, कारण तिथे निरोगी गाडीही ओरडते. हा हिशेब मला फार आवडतो. जिप्सीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर २,३७५ मिलिमीटर. समजा मागचा एक्सल ५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर वळतोय. पायथागोरसनं सांगितल्याप्रमाणे पुढचा एक्सल मग ५ मीटर ५४ सेंटिमीटर त्रिज्येवर वळतो. नुसतं काटकोनात वळलं तरी मागची चाकं ७ मीटर ८५ सेंटिमीटर जातात आणि पुढची ८ मीटर ६९. फरक ८४ सेंटिमीटर, म्हणजे चाकाचा जवळपास ०.४ फेरा. फोर-व्हील लावल्यावर पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात, मध्ये डिफरन्शियल नसतं. मग हा ०.४ फेरा जाणार कुठे? मातीत टायर घसरतो आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही. दांड्या पिळल्या जातात, स्टेअरिंग जड होतं, आणि पीळ असह्य झाला की टायर एकदम उडी मारून सुटतो: धड! नवीन मालक घाबरून गॅरेज गाठतो. बिघाड काहीच नसतो, गाडी चुकीच्या जमिनीवर असते.

सरळ जाताना येणारी गुणगुण ही वेगळी गोष्ट. ती वेगाबरोबर वाढते, क्लच दाबला तरी जात नाही, आणि नागपुरात ती ओळखणं विशेष अवघड आहे. याचं कारण इथले सिमेंटचे रस्ते. गेल्या काही वर्षांत शहरातले कितीतरी रस्ते सिमेंटचे झाले. घसरू नये म्हणून त्यांच्या पृष्ठभागावर आडव्या बारीक रेघा ओढलेल्या असतात, आणि त्या रेघांवरून जाड नक्षीचा टायर गेला की तो स्वतःच घुमतो. शिवाय साधारण साडेचार मीटरवर एक सांधा. ताशी ४० ला सेकंदाला अडीच ठोके. चाक त्या वेगाला सेकंदाला पाचाहून थोडे जास्त फेरे घेतं, म्हणजे हा ठेका चाकाच्या ठेक्यात बसत नाही, तो रस्त्याचा आहे. म्हणून एक डांबरी पट्टा शोधायचा. सिमेंटवरून डांबरावर उतरताच घुमणं थांबलं तर दोष रस्त्याचा आणि टायरचा. तसंच चालू राहिलं तर संशय बेरिंगवर.

बेरिंग कुठल्या बाजूचं, हे गाडीच सांगते. उजवीकडे वळताना गाडीचं वजन डाव्या चाकांवर झुकतं. त्या वेळी घरघर वाढली तर संशय डाव्या बेरिंगवर, आणि डावीकडे वळताना वाढली तर उजव्यावर. आत काय होतं ते मात्र डोळ्यांसमोर आणण्यासारखं आहे. बाहेरची कडी चाकाबरोबर फिरते, आतली जागेवर असते, आणि मधल्या गोळ्यांची माळ दोघींच्या मध्ये लोळत जाते. चाकाचा एक फेरा होतो तेव्हा माळेचा साधारण ०.६ फेरा झालेला असतो. म्हणून १२ गोळ्यांच्या बेरिंगमध्ये आतल्या कडीवरच्या टवक्याला एका फेऱ्यात सात-सव्वासात ठोके बसतात आणि बाहेरच्या कडीवरच्या टवक्याला पावणेपाच-पाच. ही संख्या जवळजवळ कधीच पूर्णांकात येत नाही. टायरवरचा फुगा किंवा वाकडी रिम चाकाच्या फेऱ्याबरोबर बिनचूक जुळते, बेरिंग जुळत नाही. वीज केंद्रांत आणि कागद गिरण्यांत यंत्राला कंपनमापक लावून हेच गणित करतात, आणि यंत्र न उघडता कुठल्या बेरिंगची कुठली कडी गेली हे सांगतात.

मग आपल्या कानाला जागा का कळत नाही? आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या वेळेच्या फरकावरून ठरवतो, आणि हा फरक जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांश एवढा असतो. इतक्या बारीक फरकावर चालणारी यंत्रणा हवेतल्या आवाजासाठी घडलेली आहे. नागपूरच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला ३५८ मीटर जातो. पोलादात तोच पाच किलोमीटरच्या वर जातो. डाव्या चाकातली खटखट एक्सलमधून, चासीमधून पसरून साऱ्या पत्र्याला एकदम वाजवते, आणि चालवणाऱ्याला ती उजव्या पायाखालून येताना ऐकू येते. मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावतो, तेव्हा तो हवेचा मधला दुवाच काढून टाकतो. धातूतून हाडात, हाडातून कानात. रने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरनं १८१६ मध्ये कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला. गॅरेजमधला हा स्क्रूड्रायव्हर त्याच वंशातला आहे, आणि तितक्याच आदराला पात्र आहे.

काही आवाज भयंकर असतात आणि कारण क्षुल्लक. मुरमाच्या रस्त्यावरचा खडा ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात अडकला तर गाडी किंचाळते. चार हात मागे घेतली की तो बहुधा पडून जातो. पावसाळ्यात आपली काळी कापसाची माती रिमच्या आत बसते आणि वाळून दगड होते. मध्यापासून २० सेंटिमीटरवर १०० ग्रॅम माती चिकटली, तर ताशी ८० ला ती ९ किलो वजनाच्या जोरानं चाकाला बाहेर ओढते, आणि ही ओढ सेकंदाला दहा वेळा दिशा फिरवते. वेग निम्मा केला की जोर पावपट. रिम आतून धुतली की काम झालं.

याच्या उलट, एखाद्या खड्ड्यानंतर ताशी ५०-६० ला स्टेअरिंग थडाथडा हलायला लागणं हे गंभीर असतं. जिप्सीचा पुढचा एक्सल अखंड आहे. एक चाक वर उचललं की अख्खा एक्सल तिरका होतो, आणि फिरतं चाक तिरकं केलं की ते जायरोस्कोपच्या नियमानं बाजूला वळू पाहतं. वळलं की पुन्हा तिरपेपणा येतो. किंगपिनची बेरिंगं किंवा टायरॉड एंड ढिले असतील तर हे एकमेकांना खतपाणी घालत राहतात, आणि त्याला लागणारी ताकद गाडीच्या धावण्यातूनच मिळते. म्हणून वेग कमी केल्याशिवाय ते थांबत नाही. १९२०-३०च्या दशकांत मोटार कंपन्या या थरथरीनं हैराण होत्या. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली यांनी १९३४च्या गाड्यांत पुढची चाकं एकमेकांपासून सुटी करून टाकली, त्यामागे हेही एक मोठं कारण होतं. २०१० साली आलेल्या पहिल्या थारचीही पुढची चाकं सुटी आहेत, त्यामुळे तिथे ही थरथर सहसा नसते. तिथे बॉल जॉइंट, आर्मचे बुश आणि सीव्ही जॉइंटचे फाटलेले रबर बघायचे. जिप्सी मात्र १९८५ पासून शेवटपर्यंत अखंड एक्सलवरच राहिली. या थरथरीवर लोक स्टेअरिंग डॅम्पर बसवतात. माझ्या मते आधी किंगपिन तपासावा, कारण डॅम्पर फक्त लक्षण दाबतो.

आता त्या रविवारी धुतल्या जाणाऱ्या गाडीकडे येऊ. चारही चाकं कधी न जोडलेल्या अशा एका गाडीचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट मी खोलताना पाहिला आहे. क्रॉस म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा पोलादी तुकडा. त्याच्या चार बोटांवर चार टोप्या, आणि प्रत्येक टोपीत उदबत्तीच्या काडीएवढ्या बारीक पोलादी सुया गोलाकार उभ्या. टोपी काढली तेव्हा ग्रीसऐवजी तांबूस भुकटी खाली पडली. क्रॉसचं बोट पुसलं तर त्यावर एकमेकींना समांतर खाचा, सुयांच्या अंतराइतक्याच अंतरावर. नख फिरवलं तर अडकत होतं. या सांध्याचा पूर्वज रॉबर्ट हूक यांनी १६७०च्या दशकात सूर्याचं निरीक्षण करायच्या उपकरणासाठी वर्णन केला होता. त्याचा वेग एकसारखा राहत नाही हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. साडेतीनशे वर्षांनी तोच सांधा नागपूरच्या गॅरेजात न वापरल्यामुळे झिजून पडला होता.

न वापरता झीज कशी होईल? हाच प्रश्न १९३०च्या दशकात अमेरिकेत पडला होता. कारखान्यातून रेल्वेनं पाठवलेल्या कोऱ्या मोटारी मुक्कामी पोचायच्या तेव्हा त्यांची चाकांची बेरिंगं खराब झालेली असायची, आणि चाक तर एकदाही फिरलेलं नसायचं. जनरल मोटर्सच्या जे. ओ. आल्मेन यांनी १९३७ मध्ये याचा उलगडा मांडला. फिरणारी गोळी किंवा सुई आपल्यापुढे ग्रीसचा थर ओढत जाते आणि धातू धातूला लागत नाही. उभी असलेली मात्र नुसती थरथरते. त्या अतिसूक्ष्म हालचालीनं ग्रीस बाजूला ढकललं जातं, परत येत नाही, आणि उघडा धातू घासून लाल भुकटी होतो. स्वीडनच्या योहान ब्रिनेल यांनी १९०० साली गोळी दाबून धातूचा कठीणपणा मोजायची रीत दिली होती. इथले खड्डे तसेच दिसतात, पण दाबानं नव्हे तर थरथरीनं पडलेले, म्हणून तंत्रज्ञ त्यांना खोटं ब्रिनेलिंग म्हणतात. हब ‘फ्री’वर ठेवून वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीत पुढच्या शाफ्टच्या सुया त्याच जागी उभ्या असतात आणि इंजिनाची, रस्त्याची थरथर अखंड सोसत राहतात. पहिल्यांदा फोर-व्हील लावलं की त्या खाचांत अडखळतात, आणि मालकाला समोरून खडखड ऐकू येते.

त्यामुळे जुनी फोर बाय फोर बघायला गेलात आणि विकणारा कौतुकानं म्हणाला, “काका, फोर बाय फोर तर आम्ही कधी लावलंच नाही,” तर हब लॉक करून द्यायला सांगा आणि मोकळ्या मातीवर फोर-व्हील लावून दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. मग खाली वाकून पुढच्या शाफ्टच्या क्रॉसच्या टोप्यांच्या कडेला बोट फिरवा. तांबूस भुकटी लागली तर क्रॉस बदलावा लागेल. तो खर्च फार नाही, पण सीव्ही जॉइंटचा खर्च मोठा असतो, म्हणून भाव ठरवण्याआधी दोन्ही वळणांवरची कटकट मोजून घ्या. गाडी घेतलीत, तर दर महिन्याला एकदा कच्च्या रस्त्यावर हब लॉक करून दहा-पंधरा किलोमीटर चालवा, आणि शाफ्टच्या निप्पलमधून जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गन मारायला मिस्त्रीला सांगा.